चकती की ड्रम

आत्याच्या घराकडे जाणारी वाट झुडपांनी बुजली आहे, हे घरात सगळ्यांना मान्य होतं. झुडपं काढायला हवीत, हेही मान्य होतं. पण या घराची रीतच अशी, की एखादी गोष्ट करायला हवी यावर एकदा सगळ्यांचं एकमत झालं की ती झाल्यातच जमा धरायची. मग तिच्याकडे कोणी फिरकत नसे.

मोठं घर जमिनीच्या एका टोकाला आणि आत्याच्या दोन खोल्या दुसऱ्या टोकाला. आत्याचा नवरा गेला तेव्हा तिच्या भावाने त्या बांधून दिल्या होत्या. भाऊ होता तोवर रोज संध्याकाळी मधल्या वाटेने यायचा, पायरीवर बसायचा, चहा प्यायचा आणि जगातल्या यच्चयावत माणसांना नावं ठेवून हलक्या मनाने परत जायचा. भाऊ गेला आणि वाटेवर गवत आलं. गवतामागून काटेरी झुडपं आली, झुडपांवर वेली चढल्या, आणि बघता बघता अशी भिंत उभी राहिली की मांजरसुद्धा वळसा घालून जाऊ लागलं. भावाच्या दोन्ही मुलांची मात्र सोय झाली. "आलो असतो गं आत्या," ते फोनवर म्हणत, "पण वाट कुठाय?" बाहेरच्या सडकेने येता येत होतं, पण ते म्हणे लांब पडायचं.

थोरल्याला सगळे साहेब म्हणत. नोकरीत असताना ते खरेदी समितीवर होते. त्यांच्या समितीने ऑफिससाठी खुर्च्या इतक्या काळजीने निवडल्या, की त्या आल्या तेव्हा त्यांच्यावर बसणारे अर्धेअधिक निवृत्त झाले होते. धाकट्याला इंजिनिअर म्हणत. त्याने एकदा पाण्याचा पंप सगळा उघडला होता. तो परत काही जोडला गेला नाही, पण नाव मात्र पक्कं झालं.

एक दिवस आत्या हट्टाला पेटली आणि सरळ झुडपांतून निघाली. मोठ्या घरी पोचली तेव्हा बाही फाटलेली, हातांवर ओरखडे आणि केसांत पालापाचोळा. साहेबांच्या बायकोने, म्हणजे सूनबाईने, तिला स्वयंपाकघरात बसवून हाताला मलम लावलं. आत्याने दोघा भाच्यांना समोर बोलावलं आणि सांगितलं, की चार दिवस कोयते घेऊन घाम गाळलात तर वाट मोकळी होईल.

कोयता हा शब्द ऐकून दोघांचे चेहरे पडले. साहेबांनी घसा साफ केला. झुडपं तोडणं सोपं आहे, ते म्हणाले, पण तोडलेल्या काटेरी फांद्यांचं करायचं काय? ढीग लावला तर त्यात विंचूकाटा, पेटवला तर आग कुठवर जाईल सांगता येत नाही. आजच्या काळात या कामाला शास्त्रशुद्ध मार्ग आहे. तो शास्त्रशुद्ध मार्ग इंजिनिअरच्या मोबाइलवर तयारच होता. लाल टोपी घातलेला एक माणूस ट्रॅक्टरमागे उभा राहून एका यंत्राच्या तोंडात फांद्या घालत होता आणि दुसऱ्या बाजूने लाकडाच्या ढलप्या कारंज्यासारख्या उडत होत्या.

"याला चिपर म्हणतात," इंजिनिअर म्हणाला. "ट्रॅक्टर आपला आहेच. मागे जो फिरता दांडा असतो, पीटीओ, त्याला हा जोडायचा. बस्स."

बस्स म्हणायला सोपं होतं. चिपर दोन जातींचे असतात, हे त्याच दिवशी संध्याकाळी उघडकीला आलं. एकात पाती एका जड चकतीवर बसवलेली असतात, दुसऱ्यात ड्रमवर. इंजिनिअरने ड्रमची बाजू घेतली, कारण लाल टोपीवाल्याकडे ड्रम होता. साहेबांनी चकतीची बाजू घेतली, कारण इंजिनिअरने ड्रमची घेतली होती. तो ड्रम म्हणण्याच्या आधी साहेबांना चकती कशाशी खातात हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

शेवटी असं ठरलं की झुडपं किती जाड आहेत ते मोजल्याशिवाय मशीन निवडणं म्हणजे पाय न मोजता चपला घेणं. आणि जाड झुडपं सगळी आत्याच्या अंगणाच्या बाजूला होती. म्हणून येत्या रविवारी दोघे भाऊ सडकेने, ट्रॅक्टरवरून, आत्याकडे आले. इंजिनिअर चालवत होता आणि साहेब चाकावरच्या पत्र्यावर, पाहणीला निघालेल्या मंत्र्यासारखे बसले होते. आत्या दारात उभी राहून बघतच राहिली. सडक तीच होती, लांबी तीच होती, आणि दोघे आले होते.

शिंप्याच्या टेपने मोजणी झाली. सगळ्यात जाड खोड मनगटाएवढं भरलं. कोणाच्या मनगटाएवढं, यावर वाद झाला. मग दोघे पायरीवर बसले, बापाच्याच जागेवर, आणि चहा पिता पिता त्यांनी शेजारी, दुकानदार, नातेवाईक, कोणालाही सोडलं नाही. आत्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. ते गेल्यावर तिने कप धुतले आणि ते कपाटात न ठेवता ओट्यावरच उपडे घातले, पुढच्या रविवारी लागतील म्हणून.

आणि ते लागले. पुढच्या रविवारी फांद्या हाताने ढकलायच्या की मशीनने स्वतः ओढून घ्यायच्या, हा प्रश्न निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी ओलं लाकूड आणि वाळलेलं लाकूड. मग काट्यांनी ट्रॅक्टरचं टायर फुटलं तर काय. दर वेळी मोजणी नव्याने करावी लागे, कारण झुडपांना कोणी थांबा म्हणून सांगितलेलं नव्हतं. मनगटाएवढं खोड दंडाएवढं झालं, तेव्हा साहेबांनी आधी पसंत केलेलं मशीन आपोआपच बाद झालं. त्याचं तोंड लहान पडत होतं. मोठ्या तोंडाचं मशीन शोधण्यात आणखी काही रविवार गेले. झुडपं मशीनच्या पुढे पळत होती आणि दोघे भाऊ टेप घेऊन मागे. आत्या चहा टाकत होती.

मग एका रविवारी यंत्रांचा दुकानदार स्वतःच आला. या दोघांनी त्याचं दुकान इतक्या वेळा पालथं घातलं होतं, की एकदाचा सोक्षमोक्ष लावावा असं त्याला वाटलं असणार. त्याने झुडपं पाहिली, चहा घेतला आणि विचारलं, "तुमच्या ट्रॅक्टरची ताकद किती?"

इतक्या रविवारांत ट्रॅक्टरला कोणी काही विचारलंच नव्हतं. साहेबांनी बॉनेटवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. दुकानदार म्हणाला, हा झाला इंजिनाचा आकडा, मागच्या दांड्याला पोचतं त्याहून कमी, आणि चिपर चालतो त्या कमीवर. पहिल्या पगारातली कपात बघून होतो तसा साहेबांचा चेहरा झाला. पण दुकानदार माणूस सरळ होता. त्याने सांगितलं, की या ट्रॅक्टरला मधल्या मापाचं मशीन घ्या. चकती घ्या नाहीतर ड्रम घ्या, एवढ्या झुडपांना दोन्ही सारखेच. म्हणाल ते उद्या आणून देतो.

उद्या हा शब्द त्या पायरीवर पहिल्यांदाच उच्चारला जात होता. दोघे भाऊ आपापल्या कपात बघू लागले. पण खरी धास्ती घेतली ती आत्याने. उद्या मशीन आलं की परवा वाट मोकळी, आणि वाट मोकळी झाल्यावर मोजायचं काय? ती चौकटीपासून पुढे आली.

"का हो," तिने विचारलं, "पण वेलींचं काय? ओल्या वेली आत गुंडाळत नाहीत का?"

दुकानदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. गुंडाळतात थोड्या, तो म्हणाला. झालं. दोघा भावांनी वेली अशा पकडल्या की बुडत्याने दोरी पकडावी. वेलींमध्ये तीन रविवार सहज निघणार होते. निघताना चपला घालता घालता दुकानदार आत्याला हळूच म्हणाला, की मशीन काय, वरवरचं खाईल. मुळं तशीच राहतील, ती वेगळी उपटावी लागतील. आत्या हो हो म्हणाली आणि ती गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही.

त्या दिवसापासून आत्या फाटे फोडण्यात तरबेज झाली. विषय संपत आला असं वाटलं, की ती कप उचलता उचलता विचारी, पात्यांना धार लावायला कुठे नेणार? ढलप्या वाऱ्याने उलट्या तोंडावर आल्या तर? एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण हळूहळू दोघांचाही उत्साह ओसरताना तिला दिसू लागला आणि तिने दुसरा उपाय काढला. साहेब हात धुवायला मागे गेले की ती टॉवेल देताना म्हणे, "तुझंच बरोबर आहे बघ. चकतीच. पण धाकट्याला कोण सांगणार?" आणि इंजिनिअर ट्रॅक्टर वळवू लागला की चाकाजवळ जाऊन म्हणे, "लाल टोपीवाला खोटं कशाला बोलेल? ड्रमच. दादाला आपलं हो म्हण." दोघेही छाती फुगवून घरी जात आणि पुढच्या रविवारी दुप्पट जोमाने येत. सूनबाई एकदोनदा बरोबर आली होती. तिने हा सगळा खेळ पाहिला आणि कपात तोंड घालून हसली.

व्हायचं ते झालं. एका रविवारी वाद रंगात आला असताना साहेब पायरीवरून उठले आणि म्हणाले, "मी एकटाच म्हणत नाही. आत्याही चकतीच म्हणते."

"आत्या?" इंजिनिअर म्हणाला. "मला तर ती कधीपासून ड्रम म्हणते आहे."

दोघांनी एकदमच आत्याकडे पाहिलं. चहात साखर कमी पडली असावी अशी आत्याला अचानक शंका आली आणि ती आत गेली. बरणी हातात घेऊन ती ओट्यापाशी उभी राहिली आणि बाहेरचे आवाज चढत गेले. वाद आता मशीनचा राहिला नव्हता. तो पंपावर गेला, पंपावरून खुर्च्यांवर गेला, आणि तिथून जिथे जायला नको तिथे गेला, म्हणजे बापाच्या आजारपणात उशाशी कोण बसलं आणि मोबाइल बघत कोण बसलं. यानंतर त्याच्या शेजारी बसणार नाही, असं साहेबांनी जाहीर केलं. ट्रॅक्टरवर दुसरी जागाच नव्हती, त्यामुळे ते सडकेने चालत गेले.

पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. आत्याने फोन केला तर साहेब म्हणाले, त्याला विचार. त्याला फोन केला तर तो म्हणाला, दादाला विचार. आत्याने स्वतःच्या तोंडात मारून घेतलं नाही इतकंच. आगीत तेल आपणच ओतलं आणि शेकायला माणसंच उरली नाहीत. ओट्यावरचे कप तिने एकदा कपाटात ठेवले, मग परत बाहेर काढले.

शेवटी तिसऱ्या रविवारी तीच निघाली. सडकेने, गुडघे धरत, मध्ये दोनदा बसत मोठ्या घरी पोचली आणि स्वयंपाकघरात सूनबाईसमोर पाण्याचा तांब्या रिकामा केला.

"मीच मशीन ठरवून टाकते," ती म्हणाली. "बोलाव दोघांना."

सूनबाईने गॅस बारीक केला. "आत्या, एक विचारू? वाट झाली की ते यायचे नाहीत, हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," आत्या म्हणाली. "पण आता भांडून येत नाहीत. ते मला बघवत नाही. वाट मोकळी करून आले नाहीत, तर निदान लांबून दिसतील तरी."

सूनबाईने पदराला हात पुसले. तिने दोघांना हाक मारली. एक पुढच्या दाराने आला, एक मागच्या, आणि दोघे दोन भिंतींना टेकून उभे राहिले.

"ड्रम घ्या," आत्या म्हणाली.

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते काही बोलणार तेवढ्यात आत्याने हात वर केला. "चकतीच चांगली, यात वाद नाही. पण ती चालवायला तुझ्यासारखा जाणता माणूस हवा. ट्रॅक्टरवर बसणार हा. याला ड्रमच झेपेल." साहेबांचा चेहरा उजळला. इंजिनिअरने ड्रम हा शब्द ऐकला होता आणि पुढचं ऐकायची त्याला गरज वाटली नव्हती. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं आणि अशा रीतीने घरात शांतता झाली.

मशीन आलं. नारिंगी रंगाचं, चकचकीत, तोंड वासून उभं. इंजिनिअरने त्यासाठी खास लाल टोपी आणली होती. ट्रॅक्टर वळसा घालून आत्याच्या अंगणात आला, दांडा जोडला गेला, मशीन गुरगुरू लागलं, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. मशीनला फांद्या द्यायच्या होत्या आणि फांद्या अजून झुडपांवर होत्या. त्या आधी तोडाव्या लागतात, हे लाल टोपीवाल्याने व्हिडिओत दाखवलंच नव्हतं. आत्या आत गेली आणि दोन कोयते घेऊन आली.

चार दिवस लागले. तिने म्हटले होते तेवढेच. चार दिवस दोघे भाऊ सकाळपासून कोयते चालवत होते, एकमेकांच्या हातातले काटे काढत होते, घामेघूम होऊन पायरीवर आडवे होत होते आणि झुडपांना, दुकानदाराला आणि लाल टोपीवाल्याला शिव्या घालत होते. आत्या पाणी देत होती, चहा देत होती, मलम देत होती. असे चार दिवस तिला भाऊ गेल्यापासून मिळाले नव्हते. त्यातल्या एका दुपारी साहेब पायरीवर तोंड उघडं टाकून झोपले, तेव्हा ती त्यांच्याजवळ बसून माश्या हाकलत राहिली.

पाचव्या दिवशी मशीनने तो सगळा ढीग दुपारच्या जेवणाआधी खाऊन टाकला. अख्खं वर्ष निवडण्यात गेलं आणि चावायला अर्धा दिवसही लागला नाही. वाट इतकी रुंद झाली की तिच्यावरून ट्रॅक्टर सरळ घरी गेला. साहेब पत्र्यावर बसले होते आणि जाताना त्यांनी मागे वळून आत्याला हात केला.

रविवारी आत्याने चहाचं आधण तिघांचं ठेवलं आणि पायरीवर येऊन बसली. किती वर्षांनी मोठं घर तिथून दिसत होतं. दाराचा रंग दिसत होता, दोरीवरचे कपडे दिसत होते. अंगणात नारिंगी मशीन उभं होतं आणि त्याच्याभोवती शेजारचे दोनतीन जण. इंजिनिअर पाइपने मशीन धूत होता. साहेब हातवारे करून कोणाला तरी चकती आणि ड्रममधला फरक समजावत होते, हे इतक्या लांबूनही कळत होतं. आत्याने फोन लावला. साहेबांनी खिशात हात घातलेला तिला दिसला.

"अगं, आता वाट झाली ना," ते म्हणाले. "आता काय, कधीही येऊ."

"आज या की."

"आज जरा लोक आलेत मशीन बघायला. पण आता काळजी नाही आत्या. दोन मिनिटांची वाट आहे. कधीही येता येईल."

त्यांनी फोन खिशात ठेवलेलाही तिला दिसला. तिने आत जाऊन गॅस बंद केला. दोन कप पुसून कपाटात ठेवले, एकटीने चहा घेतला, आणि मग न्हाणीघरातून पाण्याची बादली उचलून वाटेवर गेली. जमिनीसरशी कापलेल्या खोडांना बाजूने हिरवे कोंब फुटू लागले होते. अजून बोटाएवढेही नव्हते. आत्या गुडघे धरून खाली वाकली आणि एकेका बुंध्याला तांब्या तांब्या पाणी घालू लागली.

"वाढ रे बाबा, लवकर वाढ," ती सगळ्यात जाड बुंध्याला म्हणाली. "मोजायला माणसं यायची आहेत."